मान खाली घालायचं कारण

माळावर बसायला जागा उरली नव्हती, तरी लोक येतच होते. सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या नळीकडे लागलेले. हातभर लांबीची ती नळी चौथऱ्यावर एका बारीक लोखंडी दांडीला धरून उभी होती आणि तिच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र झग्यात आकाशबाबा उभा होता. नळीत एका म्हाताऱ्या शिंप्याच्या बोटांची थरथर होती. खरं तर आत त्याचं अंगुस्तान होतं, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते टोपण. पण बाबाचं म्हणणं असं, की माणूस जी वस्तू अंगावर वागवतो तिच्यात त्याचं दुखणं उतरतं, आणि ती वस्तू आकाशाने घेतली की दुखणंही घेतलं.

"दुःखाला वजन असतं, बाळांनो," बाबा माइकवर सांगत होता. "म्हणून तुमचे खांदे वाकतात. आकाशाला वजन नाही. मग वजन ठेवायचं कुठे? जिथे वजनच नाही तिथे."

लोकांनी माना डोलावल्या. मी त्या वाक्याचा अर्थ लावून बघितला आणि नाद सोडला.

बाबाने हात वर केला. "जा," तो नळीला म्हणाला. नळी जागची हलली नाही. "जा," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा करड्या आवाजात. नळी ढिम्म. बाबाने डोळे मिटले. "कुणाच्या तरी मनात शंका आहे," तो म्हणाला. लोक एकमेकांकडे संशयाने बघायला लागले आणि माझ्या शेजारी बसलेला माझा मित्र वकील आपली नखं तपासायला लागला. तेवढ्यात एक सेवक अत्तर शिंपडायला पुढे झाला. अत्तर वरून शिंपडलं, पण त्याची बोटं मात्र नळीच्या बुडाशी बराच वेळ काहीतरी खुडबुड करत होती.

"तार निसटली होती," वकील माझ्या कानात पुटपुटला.

"जाणारं दुःख बघायचं नसतं," बाबा म्हणाला. "जो बघेल त्याला ते चिकटेल. घंटा वाजेपर्यंत माना खाली. जा."

फुस्स्स करून जोराचा आवाज झाला. मी सवयीने वर बघायला गेले, तर मागून एका सेविकेचा हात माझ्या मानेवर पडला आणि माझं डोकं गुडघ्यांकडे दाबलं गेलं. पुढचा सगळा चमत्कार घडत असताना मला फक्त माझ्या चपला दिसल्या. बऱ्याच वेळाने घंटा वाजली. माना वर आल्या तेव्हा आकाशात धुराची एक पुसट रेघ होती, बाकी काही नाही. शिंप्याने दोन्ही हात वर करून दाखवले. त्या क्षणी त्याची बोटं थरथरत नव्हती, हे खरं आहे. बायका रडत होत्या. माझी ताईही रडत होती.

हे सगळं समजायला जरा मागे जावं लागेल.

मी ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून "मान वर, समोर बघा" असं ओरडते. सुटीच्या दिवशी मी, वकील आणि छत्री मिळून रॉकेटं उडवतो. वकील हा खराच वकील आहे, कोर्टात जेवढा बोलतो त्याच्या दुप्पट बाहेर बोलतो आणि भांडणाची वेळ आली की गायब होतो. छत्रीचं पडदे शिवायचं दुकान आहे. आमच्या रॉकेटांची पॅराशूटं तीच शिवते, म्हणून तिला सगळे छत्री म्हणतात. पुठ्ठ्याची नळी, पातळ लाकडाचे पंख, बुडाशी फटाक्याच्या दारूचं नळकांडं आणि ते लांबून पेटवायला तार नि बॅटरी, एवढाच आमचा पसारा. वयाने वाढलेली माणसं फटाके उडवतात म्हणून लोक हसतात. हसू देत.

ताईही हसायची. ताई शाळेची मुख्याध्यापिका आहे. आई गेल्यापासून मला तिनेच वाढवलं, त्यामुळे माझ्या रॉकेटांना ती आजही "तुझी खेळणी" म्हणते. आणि याच ताईने त्या आठवड्यात फोन करून सांगितलं, "या शनिवार-रविवारी मीही येते तुमच्याबरोबर. तुमच्या त्या जुन्या माळावर जाऊ. गाडी माझी काढते." मला इतका आनंद झाला की मी काही विचारलंच नाही. तिच्या छातीत गाठ निघाली होती. तपासणीत ती वाईट निघाली होती. सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की आता काढली तर आशा चांगली आहे, उशीर केला तर काही सांगता येणार नाही. मला वाटलं, ऑपरेशनच्या आधी तिला बहिणीबरोबर दोन दिवस घालवायचे असतील.

वकील आणि छत्री मागच्या सीटवर होते. माळाच्या फाटकाशी मंडप दिसला, बाबाचा भलामोठा फोटो दिसला, तेव्हा मी म्हणाले, "अरेच्चा, जागा कुणीतरी घेतलेली दिसते. वळव गाडी." ताईने गाडी वळवली नाही. सरळ आत घातली. मी उजव्या पायाने ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, तिच्या गाडीत नव्हता. सेवकांनी आमची गाडी भिंतीला लावून घेतली, मागे एक टेम्पो आला, टेम्पोच्या मागे बस, आणि शेवटच्या गाडीमागे फाटकाला कुलूप लागलं. मोबाइल एका पिशवीत गेले. आमची रॉकेटांची पेटी बघून सेवक हसले, "ही खेळणी इथे चालणार नाहीत," म्हणाले आणि तिला दोरी बांधून शिक्का मारून गेले. समारोप रविवारी, तोवर कुणी बाहेर जायचं नाही, गेलं तर सगळ्यांचं पुण्य फुटतं, असं कळलं.

शिंप्याची नळी उडाल्यावर मी ताईला ओढतच गाडीत नेलं, कारण बोलायला दुसरी जागाच नव्हती. माझ्या बाजूचं दार भिंतीमुळे उघडत नव्हतं. मी तिच्या सीटवरून सरकत आत गेले आणि मग ती बसली. तिने दार लावून घेतलं. काच तापली होती. गाडीची किल्ली तिने नाडीला बांधून गळ्यात घातली होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"मला फसवून आणलंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस का?" ती शांतपणे म्हणाली. "उद्या सकाळी माझी नळी आहे. आईची अंगठी ठेवणार आहे त्यात. मग सोमवारी तिकडे जायची गरज नाही."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेत विज्ञान शिकवलंस ना तू, असंही म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईला ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा तू लहान होतीस. बाहेर बाकावर मी बसले होते. ती हसत आत गेली होती गं. तिला बाहेर आणलं ते झाकूनच. त्या दारातून मी आत जाणार नाही. तुझं विज्ञान तुझ्यापाशी ठेव."

तिला अक्कल नव्हती असं नाही, तिला भीती वाटत होती. मलाही वाटत होती. मी भिंतीला टेकलेल्या दाराचा दांडा उगाच ओढत बसले. तिला सोडून कुंपणावरून उडी मारून पळता आलं असतं, पण मी एकटी बाहेर जाऊन काय करणार होते? किल्ली तिच्या गळ्यात आणि तिचा जीव त्या नळीत. मी पुरती अडकले होते.

"आणि इथे तमाशा केलास," ताई म्हणाली, "तर सोमवारीच काय, यापुढे मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"बरं, नाही करत. पण एक सांग. नळी वर जाते, मग पुढे काय होतं?"

"आकाश घेतं. आजवर एकही खाली आलेली नाही."

"तू बघितलंस?"

"बघायचं नसतं."

"आणि तुझी खाली आली तर?"

"येत नाही."

"समज, आली."

ताईने माझ्याकडे बघितलं. शाळेत मुलगा खोटं बोलतोय का हे ती जशी बघते तसं. "आली, आणि ती माझीच आहे हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं, तर तू म्हणशील तिथे येईन. पण नाही आली, तर ऑपरेशन हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. कबूल?"

कबूल म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी कबूल म्हणाले आणि तिच्या अंगावरून चढून बाहेर पडले.

आता आमच्या छंदातली एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. रॉकेट उडालं की आमच्यात कुणी टाळ्या वाजवत नाही. नजर रॉकेटवरून काढायची नाही, ते जमिनीला टेकेपर्यंत. माळावर गवत असतं, रॉकेट हरवलं की हरवलं. म्हणून आम्ही लांब लांब उभे राहतो, आणि ते जिथे टेकलं असं दिसतं त्या दिशेला प्रत्येक जण हात ताठ करून धरतो. हात खाली घ्यायचा नाही, कुणी हाक मारली तरी वळायचं नाही. दोघांच्या हातांच्या रेघा जिथे मिळतात तिथे जो मोकळा असेल त्याने चालत जायचं. तिथे रॉकेट सापडतं. बघणाऱ्यांना आम्ही शेतातल्या बुजगावण्यांसारखे दिसतो.

संध्याकाळी चहाच्या रांगेत मी वकील आणि छत्रीला सगळं सांगितलं. "दांडी सरळ नाही," छत्री लगेच म्हणाली. "टेकडीकडे कललेली आहे. मी सकाळीच बघितलं. नळी टेकडीपलीकडे पडत असणार."

"आणि घंटा टेकडीच्या बाजूलाच आहे," वकील म्हणाला. "पडलेली उचलली की वाजवत असतील. तोवर लोकांच्या माना खाली." मग त्याचा चेहरा पडला. "पण आपण माना वर ठेवल्या तर हे लोक आपल्याला बडवतील."

"बडवू देत," छत्री म्हणाली. "मी या टोकाला, तू त्या टोकाला, ही मध्ये."

वकिलाने चहाचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि आपलं टोक कुठलं ते पुन्हा विचारून घेतलं.

रविवारी सकाळी ऊन कडक होतं. ताई आंघोळ करून, चापूनचोपून साडी नेसून चौथऱ्याजवळ बसली होती. बाबाने तिच्या हातून आईची अंगठी घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी नळीत टाकली. आमच्या आईची ती अंगठी, आत तिच्या नावाचं अक्षर कोरलेलं. मी लहानपणी तापात असताना ती माझ्या कपाळावरून फिरायची.

"या बाईंना कापायला निघाले होते," बाबा म्हणाला. "कापणाऱ्यांना फक्त कापताच येतं. आकाश न कापता काढतं."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी ताईकडे मायेने बघितलं. मला त्या बाबाला धरून हलवावंसं वाटलं, पण मी शब्द दिला होता. मी जागची हलले नाही.

"माना खाली. जा."

नळी गेली. एका क्षणात सगळा माळ वाकला आणि मी, छत्री आणि वकील तिघंच ताठ उभे राहिलो. मी नळी नजरेत पकडली, तिच्या धुरावर नजर ठेवली, ती कलत कलत टेकडीकडे निघाली, आणि मग सरळ सूर्यात शिरली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी डोळे चोळले. आकाश पांढरंफटक होतं आणि त्यात काहीच नव्हतं. आयुष्यात हजार वेळा रॉकेट बघितलं, आणि नेमकं हेच हरवलं. माझा हात वर गेला होता तो तसाच लोंबत खाली आला. आता सगळं संपलं, असंच मला वाटलं.

घंटा वाजली. माना वर आल्या. आणि लोकांना दिसलं, की मंडपाच्या एका टोकाला एक बाई आणि दुसऱ्या टोकाला एक टक्कल पडलेला माणूस हात ताठ करून उभे आहेत, टेकडीकडे बोट दाखवत, नजर न हलवता.

सेवक धावले. एकाने छत्रीला ढकललं. ती धडपडली, पण हात खाली आला नाही. दोघांनी वकिलाला दोन्हीकडून धरलं. वकील घामाघूम झाला होता, डोळे मिटायला आले होते. "हात खाली घे," सेवक ओरडत होता. "घेणार नाही," वकील म्हणाला. एवढं छोटं वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

ताई उभी राहिली. तिने छत्रीच्या हाताकडे बघितलं, मग वकिलाच्या हाताकडे, मग माझ्याकडे. माझा हात खाली होता. मी फक्त म्हणाले, "जा ताई. मला नाही दिसलं, त्यांना दिसलंय. तू तुझ्या डोळ्यांनी बघ."

"बाई, बसा," बाबा माइकवरून म्हणाला. "बघायला गेलात तर दुःख परत येईल."

"मला एकदा बघू द्या," ताई म्हणाली आणि चालायला लागली. तिला अडवायला कुणी पुढे झालं नाही. ताई वर्गाकडे जाते तशी चालत होती, आणि त्या चालीपुढे सहसा कुणी येत नाही. ती टेकडीमागे दिसेनाशी झाली. मला तो वेळ किती लांब वाटला हे सांगता येणार नाही.

पलीकडे काय झालं ते तिने नंतर सांगितलं. खोलगट जागेत एक जुनं जाळं पसरलेलं होतं आणि दोन तरुण सेवक एका पोत्यापाशी बसले होते. एकाच्या हातात नळी, दुसऱ्याच्या तळहातावर आईची अंगठी. ताई म्हणाली, "ठेव ते खाली." दोघांनी ठेवलं. "उभे राहा." दोघं उभे राहिले. "पोतं कुणाचं?" दोघांनी माना खाली घातल्या.

ताई टेकडीवरून परत आली ती पोतं ओढत. ते तिने लोकांच्या मधोमध आणून उपडं केलं. नळ्याच नळ्या. काहींची तोंडं उडालेली, काही बुडाशी काळ्या झालेल्या, आणि त्यांच्याबरोबर कालपासून आकाशाने घेतलेल्या वस्तू: बिल्ले, बटणं, चष्म्याच्या काड्या, एका बाळाचा पायमोजा.

"हे आकाशाने परत पाठवलं आहे," बाबा लगेच म्हणाला. "तुमचा विश्वास कमी पडला म्हणून."

"सगळ्यांचाच?" ताई म्हणाली. "पोतं भरेल एवढ्यांचा? आणि आकाशाने ते पोत्यात भरून दिलं?"

कुणीतरी हसलं. वकिलाला आता कुणी धरत नव्हतं आणि त्याची वाचा परत आली होती. त्याने चौथऱ्यावरचा गालिचा उचलला. खालून तार निघाली, ती पडद्यामागच्या बॅटरीपर्यंत गेली होती. बॅटरीशेजारी बटण, आणि बटणाशेजारी एक सेवक चोरासारखा बसलेला. बाबाने "जा" म्हटलं की त्याने बटण दाबायचं, एवढाच मंत्र. मग वकिलाने आमच्या पेटीची दोरी तोडली आणि आमचं दारूचं नळकांडं बाबाच्या जळक्या नळकांड्याशेजारी धरलं. दोन्हींवर एकाच दुकानाचा छाप होता. कोर्टात त्याला एवढे लोक कधी मिळाले नसतील. तो बोलत राहिला आणि लोक ऐकत राहिले.

सगळ्यांनाच पटलं असं नाही. काही जण शेवटपर्यंत म्हणत होते की बाबा खरा, सेवक लबाड. शिंप्याने वाकून ढिगातून आपलं अंगुस्तान उचललं. बोटात घालायला गेला तर त्याची बोटं पहिल्यासारखीच थरथरत होती. छत्री त्याच्याजवळ जाऊन बसली आणि कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते त्याला हळू आवाजात सांगत राहिली.

फाटक उघडलं, बस निघाली, टेम्पो निघाला. ताईने गळ्यातली नाडी काढून माझ्या गळ्यात घातली. "तू चालव," ती म्हणाली. मी गाडी फाटकाबाहेर काढली. बाबा खोटा निघाला म्हणून तिची भीती खोटी निघाली नव्हती, आणि मी तिला सगळं ठीक होईल असं सांगितलं नाही. मला माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी जेवढं सांगितलं होतं तेवढंच मी पुन्हा सांगितलं: आता काढली तर आशा चांगली आहे.

सोमवारी सकाळी ऑपरेशनच्या खोलीच्या त्या दारापाशी तिने आईची अंगठी काढून माझ्या हातात दिली. "तुमची ती रीत काय आहे?" तिने विचारलं. मी म्हणाले, "नजर काढायची नाही. खाली येईपर्यंत."

"मग बस इथे," ताई म्हणाली, "आणि या दारावरून नजर काढू नकोस."

मी बाकावर बसले. लोक आले, गेले, नर्सने चहा आणून दिला तो निवला. मी वळले नाही. दुपारी दार उघडलं आणि ताईला बाहेर आणलं. चेहरा उघडा होता, ओठ सुकलेले. तिने डोळे किलकिले करून मला शोधलं आणि म्हणाली, "मान दुखली असेल तुझी."

दुखली होती. आजही कधी कधी दुखते. तिची औषधं चालू आहेत, पुढे काय होईल ते तपासण्या सांगतील, आणि आम्ही प्रत्येक तपासणीला जातो. बाबा दुसऱ्या कुठल्या तरी माळावर मंडप घालून बसला आहे असं ऐकलं. तिथे तुमची ताई असेल, आई असेल, भाऊ असेल. त्यांना मूर्ख म्हणू नका, ती माणसं घाबरलेली असतात. त्यांच्या शेजारी उभे राहा. आणि नेमकं बघायच्या वेळी कुणी तुम्हाला मान खाली घालायला सांगितली, तर घालू नका. काय वर गेलं आणि खाली काय आलं, ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.